तात्पुरती दरवाढ, पण कुणाच्या पैशातून? : ‘एक आई’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रागात लिहिलेली आहे, आणि रागाला कारणही आहे. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. एनडीआयएसमधली, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन अपंगत्व विमा योजनेतली तात्पुरती दरवाढ गेल्या लेखात मी ‘समजण्यासारखी’ म्हटली होती. तुमचं म्हणणं असं, की ही मुलाच्या ताटातली पोळी उचलून कंपनीला वाढणं आहे. ‘तात्पुरतं’ म्हणून आलेलं कधी परत जात नाही. त्यापेक्षा दर सरळ गोठवा. आणि वर तुमचा आरोप असा, की माझं पोट प्लॅन मॅनेजमेंटवर, म्हणजे लोकांच्या मंजूर रकमेतून (प्लॅनमधून) त्यांची बिलं भरण्याच्या कामावर चालतं, म्हणून मी प्रोव्हायडरांची, म्हणजे सेवा देणाऱ्यांची तळी उचलते.

शेवटचा मुद्दा आधी निकालात काढू. प्लॅन मॅनेजरला महिन्याची ठरलेली फी मिळते, बिल साठ डॉलरचं असो की सहाशेचं. दर वाढला तर मला काहीही सुटत नाही, उलट फोन वाढतात.

आता ताटातली पोळी. प्लॅन मंजूर होतो डॉलरमध्ये, पण घर चालतं तासांवर. समजा वर्षाला ३०,००० डॉलर आणि सपोर्ट वर्करचा तास ६० डॉलरला. झाले ५०० तास. दरावर १० टक्के चढले की तास ६६ चा होतो आणि हातात राहतात जेमतेम ४५४. आठवड्याला जवळजवळ एक तास गेला, म्हणजे कुणाची पोहायची फेरी किंवा कुणाच्या आईची दुपारची झोप. प्लॅनची रक्कम तेवढीच ठेवून दर वाढवला तर ही कपातच असते. इथे तुमच्यामाझ्यात वाद नाहीच.

मार्च २०२० मध्ये नेमकं हेच झालं. कोविडसाठी काही सेवांवर १० टक्क्यांपर्यंत जादा दर लावायची मुभा मिळाली आणि ते पैसे पार्टिसिपंटच्याच, म्हणजे सेवा घेणाऱ्याच्याच प्लॅनमधून जाणार होते. भरीला भेट रद्द करण्याचा नियमही कडक झाला: दहा कामकाजी दिवस आधी कळवलं नाही तर पूर्ण पैसे. साथीच्या दिवसांत दहा दिवस आधी कोण सांगणार, की मला ताप येणार आहे? त्याच सुमारास नोंदणीकृत प्रोव्हायडरांना साधारण महिनाभराच्या कामाइतकी रक्कम सरकारने थेट आगाऊ दिली, नंतर वळती करून घेण्याच्या बोलीवर. म्हणजे प्लॅनला हात न लावता मदत पोचवायचा रस्ता होता. जादा दरासाठी तो का वापरला नाही, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

पण ‘तात्पुरतं परत जात नाही’ हे मात्र मला पटत नाही. कोविडची ती वाढ ३० जून २०२० ला संपली. त्याआधी, जुलै २०१९ पासून टीटीपी (टेम्पररी ट्रान्सफॉर्मेशन पेमेंट) नावाची दुसरी वाढ सुरू झाली होती. तुमच्या जुन्या बिलांवर सेवेच्या कोडच्या शेवटी एक सुटा ‘टी’ दिसेल, तीच ही. पहिल्या वर्षी ७.५ टक्के, मग दर वर्षी दीड टक्का कमी: ६, ४.५, ३, १.५. जून २०२४ अखेर शून्य. शिवाय ती सरसकट मिळत नव्हती. प्रोव्हायडरने आपले दर जाहीर करायचे आणि वर्षातून एकदा खर्चाची माहिती सर्वेक्षणात द्यायची, तरच. उतरण आधीच ठरलेली असल्यामुळे कुणाला शेवटच्या दिवशी गळा काढता आला नाही. मी ‘समजण्यासारखी’ म्हटलं ते या पद्धतीला.

आणि दर गोठवायचं म्हणाल, तर तोही प्रयोग होऊन गेलाय. बहुतेक थेरपींच्या दराला योजनेने घातलेली कमाल मर्यादा २०१९ पासून वर्षानुवर्षं तासाला १९३.९९ डॉलरवर अडकून राहिली. भाडं, पगार, विमा, सगळं वाढलं, हा आकडा हलला नाही. जुलै २०२५ मध्ये फिजिओथेरपीचा दर तर कमीत कमी १० डॉलरने उतरला आणि थेरपिस्टना प्रवासाच्या वेळेचे पैसे निम्म्या दराने मिळू लागले. कागदावर आपले पैसे वाचले. पण शहरापासून तासभर लांब राहणाऱ्या घरी थेरपिस्टने यायचं कशाला? दर परवडत नाही म्हणून कुणी यायचंच थांबलं, तर प्लॅनमधले डॉलर नुसते पडून राहतात. खर्च झाले नाहीत म्हणून पुढच्या आढाव्यात ‘गरज नव्हती’ असा अर्थ काढला जाईल, ही धास्ती वेगळीच.

म्हणून माझी मागणी इतकीच, की ज्या दिवशी दर वाढेल त्याच दिवशी प्लॅनची रक्कमही आपोआप वाढावी, आणि वाढ कधी संपणार ते पहिल्याच पत्रात छापलेलं असावं. हे नसेल तर मीही तुमच्याच बाजूने भांडेन.

राहिला तुम्ही प्रतिक्रियेत सांगितलेला तुमच्या प्रोव्हायडरचा ईमेल, ‘तात्पुरता इंधन अधिभार ५ टक्के’ वाला. तुमचा प्लॅन सेल्फ-मॅनेज्ड (बिलं स्वतः भरायची असा) नाही, प्लॅन-मॅनेज्ड (बिलं प्लॅन मॅनेजर भरतो असा) आहे, म्हणजे कमाल दराची मर्यादा तुम्हाला लागू आहे. त्या मर्यादेच्या वर असा टक्केवारीचा अधिभार चढवता येत नाही. गाडीचा खर्च घ्यायचाच असेल तर किलोमीटरचा दर आधी तुमच्याशी ठरवावा लागतो. आणि मर्यादा म्हणजे कमाल, ठरलेला भाव नव्हे. तिच्या आत राहून दर वाढवायचा असला तरी सर्व्हिस ॲग्रीमेंटमध्ये, म्हणजे प्रोव्हायडरशी केलेल्या करारात काय लिहिलंय ते बघावं लागेल. नुसत्या ईमेलवर ‘ओके’ लिहून पाठवू नका. आधी विचारा: हा कुठल्या कोडखाली लावताय, आणि कुठल्या तारखेपर्यंत? उत्तर लेखीच मागा. ॲग्रीमेंटमधलं दरबदलाचं कलम नावं झाकून मला पाठवलंत तर या शनिवार-रविवारी वाचून कळवते.