‘गावकऱ्यांना संशोधनातले काय कळते?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

आरोग्य संशोधक आणि गाव यांच्या भागीदारीवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे की, अशा भागीदारीत वेळ जातो, नमुना (पाहणीसाठी निवडलेली माणसे) एकांगी होतो, आणि शेवटी, ‘गावकऱ्यांना संशोधनातले काय कळते? त्यांनी रक्त द्यावे, शास्त्र शास्त्रज्ञांवर सोडावे.’ वेळ जातो, हे मला मान्य आहे. ऊसतोड सुरू झाली की आमच्याकडे दिवसा घरात माणूस सापडत नाही. नमुन्याचा मुद्दा सांख्यिकीचा आहे, त्यात मी पडत नाही. पण ‘रक्त द्यावे’ ही भाषा सावकाराने कुळाशी बोलावी तशी आहे आणि सुशिक्षित माणसाला ती शोभत नाही.

मी शिरोळ तालुक्यातला. कीटकनाशकांच्या एका पाहणीत (संस्थेचे नाव घेत नाही) वाट दाखवायला म्हणून घरोघर फिरलो आहे. बायकांना प्रश्न असे, ‘तुम्ही फवारणी करता का?’ उत्तर येई ‘नाही’, आणि रकान्यात ‘संपर्क नाही’ अशी नोंद होई. तीच बाई बॅरलच्या पाण्यात औषध कालवून देत असे, पंप भरून नवऱ्याच्या पाठीवर चढवत असे आणि संध्याकाळी त्याचे औषधाने भिजलेले कपडे हाताने धूत असे. गल्लीतल्या कुठल्याही म्हातारीने हे प्रश्नावली छापण्यापूर्वीच सांगितले असते. अशा बायका संपर्क नसलेल्या गटात मोजल्या की दोन गटांतला फरक पुसट होतो आणि औषध निर्धोक असल्याचा भास होतो. ज्या शास्त्राचा आपण कैवार घेता, ते इथे गावाला न विचारल्यामुळेच बिघडले. त्या वेळी दिलेल्या रक्ताचे रिपोर्टही कुणाच्या हाती पडले नाहीत, आणि आता गावात पांढरी गाडी दिसली की दारे लावली जातात.

गावकऱ्यांना काय कळते, याचे उत्तर गडचिरोलीत मिळून गेले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची तपासणी, नोंदी आणि जंतुसंसर्गावरचे उपचार शिकवले. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे ‘आशा’ताईंमार्फत घरोघरी बाळ तपासण्याची देशव्यापी योजना आली, तिचे मूळ या कामात आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वेही संशोधनात समाजाला सहभागी करून घ्यायला सांगतात. हे आपण वाचले नसेल, तर निदान इतक्या ठामपणे लिहू नये.

आमच्या गल्लीत पुढच्या पाहणीसाठी कुणाला घेऊन फिरायचे झाले, तर प्रश्नावली आधी ग्रामपंचायतीत बायकांसमोर वाचली जाईल आणि रिपोर्ट ज्याचा त्याला मिळेल, हे लेखी घेतल्याशिवाय मी सोबत जाणार नाही. यात आपल्याला वेळेचा अपव्यय दिसत असेल, तर खुशाल दिसो.