जावईबापू, झाडाला कावीळ झालीय

न्यू जर्सीच्या जानेवारीत आमच्याकडे सगळ्यांचे ओठ फुटतात, गाडीची बॅटरी बसते आणि माझं पाइन पिवळं पडतं. पहिल्या दोन गोष्टींचा जाब मला कुणी विचारत नाही.

पाइन म्हणजे स्कॉट्स पाइन. बोन्साय. उथळ कुंडीतलं, गुडघ्याएवढं, मागच्या डेकवर बारा महिने उघड्यावर राहणारं. दिवाळीपर्यंत निळसर हिरवं असतं. मग दिवस आखडतात, रात्री शून्याखाली जातात आणि त्याच्या सुयांवर एक पिवळट कळा येते. या जातीच्या बऱ्याच झाडांचं असंच असतं, उत्तरेकडच्या बियाण्याचं तर जास्तच. इथले ख्रिसमस ट्री पिकवणारे शेतकरी याच जातीच्या झाडांवर तोडणीआधी चक्क हिरवा रंग फवारतात, कारण पिवळं झाड दिवाणखान्यात कोण नेणार? उलट मुगो पाइनचा 'विंटर गोल्ड' नावाचा वाण हिवाळ्यात पिवळा होतो हेच कौतुक सांगून नर्सरीवाले तो विकतात. माझ्या घरी मात्र पिवळं म्हणजे आजारी, आणि आजारी म्हटलं की औषध.

पहिलं निदान आईनं सांगलीहून व्हिडिओ कॉलवर केलं. "अरे, कावीळ आहे ही." तिच्या मते माणसाला होते तर झाडाला का नाही? उसाचा रस घालायला तिनं सांगितलं नाही हे तिचे उपकार. पण गावात माळ देणारे एक आहेत, त्यांना फोटो दाखवून विचारते म्हणाली. माळ म्हणे कुंडीच्या मापाची मिळेल.

त्याच हिवाळ्यात मामा, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे होते. तासगावचे द्राक्षबागायतदार. ऑक्टोबरची छाटणी उरकून, बाग मेव्हण्याच्या हवाली करून आले होते. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या हाताशी एकही वेल नव्हती. अशा माणसासमोर पिवळं झाड ठेवणं म्हणजे निवृत्त हवालदारासमोर संशयित बसवणं.

मामा डेकवर गेले, चष्मा वर केला, सुया चोळल्या. "जावईबापू, हे गेलं की ओ."

"गेलं नाही मामा. झोपलंय."

"झाड झोपतं?"

आता यात त्यांची चूक नाही. थंड देशात द्राक्षवेल पानं गाळून हिवाळाभर गप्प पडून असते. तासगावात तिला अशी रजाच नाही. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळ छाटणी, मधे फवारण्या. मामांच्या राज्यात झोपलेलं झाड म्हणजे कामचुकार झाड.

मी समजावायला बसलो. थंडीत पानाचं अन्न बनवण्याचं काम मंदावतं, पण ऊन तर पडतच राहतं आणि हरितद्रव्य ते शोषतच राहतं. न वापरलेली ही ऊर्जा पानाला आतून जाळते. म्हणून झाड आपणच हरितद्रव्य कमी करतं. पीतद्रव्यं टिकून राहतात, वरून ती जास्तीची ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून द्यायला मदत करतात. म्हणून उन्हाकडची बाजू पिवळी, आणि फांदी उचलून पाहिलं तर खालच्या, सावलीतल्या सुया हिरव्याच. मी फांदी उचलून दाखवली.

मामांनी वाकून पाहिलं. "मग सावलीत ठेवा की."

वीस मिनिटांच्या व्याख्यानाचं हे असं दोन सेकंदांत पीठ झालं. त्यात भर म्हणजे उपाय बरोबर होता.

मी विषय बदलून दुसरा धोका सांगितला. सुया टोकाकडून तपकिरी व्हायला लागल्या तर मात्र काळजी. कुंडीतली माती गोठलेली, मुळांना पाणी मिळत नाही, आणि वर ऊन-वारा सुयांमधलं पाणी ओढून नेतोय, असं ते दुखणं. आपल्याकडे तपकिरी एकही नाही. आणि शंका असेलच तर नखानं साल किंचित खरवडायची. आत हिरवं दिसलं की फांदी जिवंत.

हे शेवटचं बोलायला नको होतं, असं कुणीही म्हणेल. त्यानंतर आमच्याकडे येणारा प्रत्येक मराठी पाहुणा चहाआधी डेकवर जाऊन नख लावून यायचा. मंडळाच्या हळदीकुंकवाला तर रांग होती.

एका रात्री उणे दहा झालं. बायकोला आणि लेकीला दया आली आणि सकाळी पाइन हॉलमध्ये, हीटरच्या झोताशेजारी, गळ्यात मफलर. मी ते उचलून तात्पुरतं गॅरेजमध्ये नेलं. तिथे थंडी असते पण वारा नसतो. झाडाला हवी ती थंडी, माणसांची ऊब त्याला झोपेतून उठवते. लेकीनं दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं.

मामांचं मन वळावं म्हणून त्यांना वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटमला, म्हणजे तिथल्या वृक्षोद्यानात नेलं. तिथे यामाकी पाइन आहे. १६२५ पासून कुंडीत वाढवलेलं, १९४५ साली हिरोशिमात बॉम्ब पडला तेव्हा तिथून तीनेक किलोमीटरवर असलेलं, आणि १९७६ मध्ये जपानकडून अमेरिकेला भेट आलेलं. मी म्हटलं, "बघा मामा, पाइन इतकं चिवट असतं."

मामांनी पाटी लेकीकडून वाचून घेतली. यामाकींच्या नर्सरीभोवती उंच भिंत होती म्हणून झाड वाचलं, हे माझ्याच तोंडून गाडीत ऐकलं होतं त्यांनी. "भिंतीआड होतं म्हणून वाचलं. तुम्ही उघड्यावर ठेवता."

परत आल्यावर पाइन गॅरेजच्या भिंतीआड गेलं.

या सगळ्या धामधुमीत हॉलमधल्या शेल्फवर दुसरं एक झाड सुखात होतं. बायकोला भेट मिळालेलं जुनिपर, खडे गोंदानं चिकटवलेलं, बारीक कौलारू घर ठेवलेलं. गर्द हिरवं. पाहुणे म्हणायचे, "हे बघा, याला म्हणतात बोन्साय!" जुनिपर मेल्यावरही कितीतरी आठवडे हिरवंच दिसतं. ते नाताळातच गेलं असावं, पण त्याला नख लावायची कुणाला गरज वाटली नाही.

फेब्रुवारीत डेकवर गंजाच्या रंगाचा मोठा डाग दिसला. चौकशीअंती कळलं की मामांनी दुकानातून फेरस सल्फेट, म्हणजे पिवळ्या पानांना देतात ते लोहाचं खत, आणून पाण्यात कालवून कुंडीत ओतलं होतं, भिंतीआड न्यायच्या आधीच. माती दगडासारखी गोठलेली. थेंबही आत न जाता सगळं काठावरून डेकवर. डाग घासून निघत नाही. मी पुरावा म्हणून ठेवलाय.

एप्रिलमध्ये ऊब आली, पाइन पुन्हा हिरवं झालं, शेंड्यांवर कोंब उभे राहिले. जुनिपर त्याच आठवड्यात विटकरी होऊन झडायला लागलं. आईनं फोनवर सांगितलं की माळवाल्यांनी फोटोवरूनच कावीळ उतरवली होती. मामा निघायच्या दिवशी बॅगा दारात ठेवून दोन्ही झाडांसमोर उभे राहिले.

"हिरवं झालं ते माझ्या फेरसनं," ते म्हणाले. "आणि हे वाळलं ते तुमच्या झोपेनं."