‘मेंदूची सूज उतरवा, स्मृतिभ्रंश टाळा’ या संदेशाचा प्रतिवाद

सोलापुरातील सोसायट्यांच्या, भजनी मंडळांच्या आणि निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक संदेश फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: विसराळूपणाचे मूळ मेंदूतील सूज हेच आहे, रोज एक वेदनाशामक गोळी किंवा मिरपूड घातलेले हळदीचे दूध घेतले की ती उतरते, खरे औषध कंपन्या दडवून ठेवतात, आणि स्टेरॉइड (दाह कमी करणारे औषध) हे विष असल्याने ते ताबडतोब बंद करावे. हा संदेश काळजीपोटीच पुढे पाठवला जातो, परंतु त्यातील दोन सूचना थेट इजा करणाऱ्या असल्याने त्याला सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

पहिला मुद्दा मेंदूतील दाह (संदेशातील ‘सूज’) हाच शत्रू असल्याचा. स्मृतिभ्रंशाचे सर्वाधिक आढळणारे कारण असलेल्या अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत दाहाच्या खुणा दिसतात आणि त्यावर जगभर औषधे शोधली जात आहेत, हे खरे आहे. परंतु १९१९ साली स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी वर्णन केलेल्या ज्या मायक्रोग्लिया या मेंदूतील रोगप्रतिकारक पेशी हा दाह घडवतात, त्याच मेंदूतील मृत पेशी आणि साचलेली प्रथिनेही साफ करतात. २०१३ साली असे आढळले, की या पेशींच्या कामाला आवश्यक असलेल्या ट्रेम-२ या जनुकात विशिष्ट दोष असला तर अल्झायमरचा धोका दुपटीहून अधिक वाढतो. त्यामुळे या पेशींचे कोणते काम थांबवायचे, कोणते चालू ठेवायचे आणि आजाराच्या कोणत्या टप्प्यावर, हे ठरवणे हीच औषधशोधातील मुख्य अडचण आहे.

‘सूज आहे, तर उतरवा’ हा विचार डॉक्टरांनाही दीर्घकाळ पटत होता आणि डोक्याला मार लागलेल्या रुग्णांना स्टेरॉइड देण्याची पद्धत तीस वर्षांहून अधिक काळ चालली. अखेर क्रॅश नावाच्या चाचणीत १०,००८ रुग्णांवर तिची पारख झाली. २००४ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार दोन आठवड्यांत स्टेरॉइड दिलेल्यांपैकी शंभरात सुमारे २१ जण दगावले, तर न दिलेल्यांपैकी सुमारे १८.

वेदनाशामक गोळीच्या दाव्याला एक आधार आहे, तोही सांगितला पाहिजे. वर्षानुवर्षे अशा गोळ्या घेणाऱ्यांत अल्झायमर कमी आढळतो, असे काही पाहण्यांत दिसले होते. म्हणूनच अमेरिकेत २००१ साली सत्तर वर्षे व त्यापुढच्या सुमारे अडीच हजार लोकांवर नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या वेदनाशामकांची चाचणी सुरू झाली. हृदयविकाराच्या धोक्याच्या शंकेने डिसेंबर २००४ मध्ये गोळ्या थांबवाव्या लागल्या आणि स्मृतिभ्रंशापासून संरक्षणही दिसले नाही. आपल्या शहरात तर या सल्ल्याचा धोका अधिक आहे. दिवसभर मांडी घालून बिड्या वळणाऱ्या बायका आणि यंत्रमागावर उभे राहणारे कामगार पाठ, गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून पट्टीतल्या दोन-चार गोळ्या कात्रीने कापून घेतच असतात. पारा चाळिशी ओलांडतो, घामाने अंगातील पाणी कमी होते, जोडीला मधुमेह किंवा रक्तदाबाची गोळी चालू असते, आणि अशा वेळी रोजची डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवते. पोटातील व्रणांचा धोका वेगळाच.

हळदीविषयी आपल्याला जिव्हाळा आहे. जखमेवर हळद लावण्यावरचे अमेरिकी पेटंट १९९७ साली रद्द झाले, तेव्हा डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या त्या लढाईचा सर्वांना रास्त अभिमान वाटला. परंतु तो वाद जखमांचा होता. अर्धा चमचा हळदीत कर्क्युमिन हा तिचा मुख्य क्रियाशील घटक पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास असतो. अल्झायमरच्या रुग्णांवरील एका छोट्या चाचणीत ते दिवसाला २ ते ४ ग्रॅम, २४ आठवडे देऊनही लाभ दिसला नाही; ते रक्तात फारच थोडे उतरते, हे त्याचे एक संभाव्य कारण. मिरीतील पायपरीनमुळे रक्तातील प्रमाण वाढते, हे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवले. मात्र रक्तात वाढणे म्हणजे मेंदूचा आजार हटणे नव्हे. भाजीत, दुधात हळद खुशाल असावी.

कंपन्या औषध दडवतात, हा आरोप तर टिकतच नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदू व मज्जारज्जूवर हल्ला करते त्या आजारात, मेंदूतील दाह रोखणारी अनेक औषधे आज विकली जातात. त्यांपैकी रोगप्रतिकारक पेशींना मेंदूत शिरू न देणारे नॅटालिझुमॅब २००४ साली आले, काही रुग्णांना मेंदूचा घातक विषाणुसंसर्ग झाल्याने २००५ मध्ये मागे घेतले गेले आणि २००६ मध्ये कडक देखरेखीच्या अटीवर परतले. रोगप्रतिकारशक्तीला मेंदूपासून दूर ठेवण्याची किंमत काय असते, ते यावरून कळते.

सर्वांत घातक सूचना स्टेरॉइड बंद करण्याची आहे. डोक्याच्या दुखापतीत अपाय करणारा हाच औषधगट मेंदूच्या आवरणाच्या क्षयरोगात जीव वाचवतो: व्हिएतनाममध्ये ५४५ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ सालीच प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्षयाच्या औषधांना डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची जोड दिल्याने मृत्यूचे प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आले. असा रुग्ण ज्या घरात आहे, तेथे हा संदेश वाचून गोळी परस्पर बंद करू नये. काही आठवडे स्टेरॉइड घेतल्यावर शरीराची स्वतःची निर्मिती मंदावलेली असते, म्हणून डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात, आणि ती एकाएकी थांबवली तर रक्तदाब कोसळू शकतो व मेंदूतील दाहही पुन्हा उसळू शकतो.