जंगलाच्या चित्रात वाट कशाला हवी?

मुंबईतलं प्रदर्शन संपलं, चित्रं टेम्पोतून कोल्हापूरला परत आली. आठवडाभर एका प्रश्नावर मी हसून वेळ मारून नेत होते, त्याचं उत्तर आता सावकाश लिहिते. प्रश्न असा, की तुमच्या जंगलात वाट का नाही?

विचारायची तऱ्हा प्रत्येकाची वेगळी. "ह्यात आत जायचं कुठून?" "डोळा कुठे ठरतच नाही हो." एका इंटिरिअर डिझायनर बाईंनी स्पष्टच सांगितलं, ह्या खोडांच्या मधून एक पायवाट काढा, शेवटी थोडा उजेड दाखवा, माझा क्लायंट आजच्या आज घेईल. बाई मनापासून बोलत होत्या. सोफ्यावर बसलेल्या माणसाला चित्रात कुठेतरी फिरून यावंसं वाटतं, हे त्यांना त्यांच्या धंद्यातून पक्कं कळलेलं आहे आणि ते खरंही आहे. फक्त ते चित्र मी काढणार नाही.

मी कोल्हापूरची. राधानगरी-दाजीपूरचं रान आमच्यापासून दोनेक तासांवर. एके काळी ते कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं राखीव जंगल होतं. १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं. माणसं तिथे जातात ती गवे बघायला आणि सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाच्या, टोकावरून दरी बघायला. चित्रकारही सड्यावरच बसतात, कारण तिथे चित्र आयतं मिळतं. पुढे कातळ, मध्ये दरी, मागे निळ्या होत गेलेल्या डोंगररांगा आणि वर ढग. अशी चित्रं मीही पुष्कळ केली आणि ती विकलीही गेली. त्यांत जंगल असतं, पण लांबून आणि वरून.

सडा सोडून खाली राईत उतरलं की कलाशाळेत शिकलेलं फारसं उपयोगी पडत नाही. क्षितिज नाही. यथार्थदर्शनाचा (पर्स्पेक्टिव्हचा) नियम लावावा तर एक रेषा सरळ नाही. लांबचं फिकट आणि जवळचं गडद म्हणावं, तर जवळची खोडं अंधारात आणि लांब कुठेतरी एखादं झाड पडून मोकळी जागा झालीय, तिथे भक्कन ऊन. अंजनी, जांभूळ, हिरडा, गेळा सगळे एकमेकांत घुसलेले. गारंबीची वेल मांडीएवढी जाड, ती कुठून निघाली आणि कुठे गेली पत्ता लागत नाही. पंधरा-वीस फुटांपलीकडे नजर पोचत नाही. आपल्याकडे ह्याला गचपण म्हणतात. मला हे गचपणच काढायचं असतं.

वाट काढली की सगळे प्रश्न एका फटक्यात सुटतात, हे कुठल्याही चित्रकाराला माहीत आहे. खोली मिळते, नजरेला दिशा मिळते, झाडं केवढी आहेत ह्याचा अंदाज येतो. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट होते. वाट म्हणजे माणूस. चित्रात एकही माणूस नसला तरी वाट सांगते की ही जागा तुझ्या येण्याजाण्यासाठी आहे, झाडं तुझ्यासाठी दोन्ही बाजूंना सरकून उभी आहेत. मग ती बाग होते. बागेची चित्रं जरूर काढावीत, पण त्यांच्याखाली 'जंगल' असं लिहू नये.

महाराष्ट्रात निसर्गचित्रणाची परंपरा मोठी. आमच्या कोल्हापुरात तर आबालाल रहिमान होऊन गेले. कोटितीर्थाच्या परिसरात त्यांनी केलेली पाण्याची आणि संध्याकाळच्या उजेडाची कामं आजही आमच्यासाठी मापदंड आहेत. पण एकूण पाहिलं तर आपला जीव घाट, वाडे, बाजार, देवळं, कोळीवाडे ह्यांत रमला. जलरंगात उजेड म्हणजे न रंगवलेला कागद. पांढऱ्या भिंतीवर ऊन पडलंय, तेवढा कागद सोडायचा आणि सावलीचा एक धाडसी वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, मारायचा, ह्यात आपली माणसं वस्ताद. जंगलात अशी भिंतच नाही. उजेड इतक्या तुकड्यांत येतो की सोडायचं काय आणि रंगवायचं काय हे ठरेपर्यंत तो पुढे सरकलेला असतो. म्हणून मी रानात फक्त पेन्सिल आणि छोटे कागद नेते, रंगांच्या नोंदी करते आणि मोठी कामं घरी तैलरंगात करते. आंबोलीला जुलैत जलरंग करून बघा, पहिला वॉश वाळेपर्यंत दुपार होते. तेवढ्या वेळात जळवा पायाला लागतात. आणलेला कागद नीट वाळवला नाही तर महिन्याभरात त्यावर बुरशीचे तपकिरी ठिपके, तेही कधीकधी तुमच्या रंगकामापेक्षा बरे दिसतात.

हिरव्याबद्दल थोडं. ट्यूबमधला सॅप ग्रीन नाहीतर विरिडियन सरळ कॅनव्हासवर आला की झाड हॉटेलच्या लॉबीतल्या प्लास्टिकच्या रोपासारखं दिसतं. मी हिरवा बहुतेक वेळा अल्ट्रामरीन, गँबोज आणि बर्न्ट सायना मिसळून करते. (गँबोज मुळात झाडाचा डिंक. आपल्या कोकमाच्या कुळातलंच ते झाड, म्हणजे आमसुलाचा भाऊबंद. आता ट्यूबवर नाव गँबोज असलं तरी आत बहुधा कारखान्यातला पिवळा असतो.) सदाहरित झाडाचं पान चकचकीत असतं, वरून पाहिलं तर ते आकाश दाखवतं, म्हणजे निळसर रुपेरी दिसतं. तेच पान खाली उभं राहून उन्हाच्या दिशेने पाहिलं की पिवळंधमक. एकाच फांदीवर हे दोन हिरवे शेजारी असतात आणि त्यांच्यामधली सावली जांभळ्याकडे झुकलेली असते. काळा लागतच नाही. आणि मार्चमध्ये याल तर हिरव्याचा प्रश्नच मिटतो. कुसुमाला लालभडक पालवी, आंब्याला तांबूस, जांभळाला तांबूस. त्या दिवसांतलं एक चित्र प्रदर्शनात होतं, त्यापुढे उभं राहून एक गृहस्थ म्हणाले, हे परदेशातलं ना? मी म्हटलं, दाजीपूर. त्यांना पटलं नाही.

वाटेसारखंच दुसरं मागणं प्राण्याचं. ताडोबाच्या एप्रिलमधलं एक मोठं काम होतं, कांडोळाचं. पानं सगळी झडलेली, पांढरट गुलाबी नागडं खोड, मागे करडा बांबू. ताडोबात चित्रकाराने काय काय सोसायचं हे स्वतंत्र लिहिण्यासारखं आहे. जिप्सीतून उतरायची परवानगी नसते, ते योग्यच आहे. बाकीच्या सीटवरची माणसं वाघासाठी आलेली. "जरा ह्या झाडाजवळ थांबता का?" असं म्हटलं की सगळे झाडावर बिबट्या शोधतात, तो नसतो, मग माझ्याकडे बघतात. गॅलरीतही तेच झालं. कांडोळापुढे लोक विचारत होते, "वाघ कुठेय?" एका मुलाने दोन खोडांच्या सावलीत वाघ शोधून आईला दाखवलासुद्धा. ते चित्र विकलं गेलं नाही. सुकलेलं झाड घरात लावू नये असं वास्तुवाले सांगतात म्हणे. कांडोळ सुकलेला नसतो, उन्हाळ्यात पाणी वाचवायला तो पानं टाकतो. पण चित्राखाली विकल्याची लाल टिकली लागावी म्हणून ग्राहकाला वनस्पतिशास्त्र शिकवणं मला जमत नाही.

ह्यावरून शिश्किन आठवतो. इव्हान शिश्किन, रशियन, जन्मभर जंगल रंगवणारा. त्याचं सगळ्यांत गाजलेलं चित्र १८८९ चं, पाइनच्या जंगलातली सकाळ. मोडून पडलेला प्रचंड वृक्ष, मागे धुकं, वरच्या शेंड्यांना नुकतं लागलेलं ऊन. आणि पडलेल्या झाडावर अस्वलं. ती अस्वलं शिश्किनची नाहीतच, त्याचा मित्र सावित्स्की ह्याने काढलेली. चित्रावर दोघांच्या सह्या होत्या, पण विकत घेणाऱ्या त्रेत्याकोव्हने सावित्स्कीची पुसून टाकली. पुढे हेच चित्र चॉकलेटच्या वेष्टनावर गेलं आणि रशियातलं पोरसोर त्याला 'तीन अस्वलं' म्हणू लागलं. अस्वलं चार आहेत. म्हणजे पाइनचं ते धुकं, ज्याच्यासाठी मी त्या चित्राचा फोटो तासन्‌तास मोठा करून पाहिलाय, ते राहिलं बाजूला आणि अस्वलंही कुणी धड मोजली नाहीत. शिश्किनची ही गत, तर आमचं काय!

आता मूळ मुद्दा. गारगोटीकडे जाताना, कोकणात उतरताना, रस्त्याच्या कडेला ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड दिसते. सरळ रांगा, मधे गाडीरस्ता, टोकाला उजेड. विद्यार्थ्यांचं शिबिर नेलं की पोरं तिथेच बसतात आणि तासाभरात चांगली चित्रं करतात. प्री-वेडिंगवालेही तिथेच. आत जाऊन बघा, पाचोळ्याच्या जाड थराखाली फारसं काही उगवलेलं नसतं. जे चटकन चित्र होतं ते बऱ्याचदा जंगल नसतं, कुणीतरी दोरी लावून उभी केलेली झाडं असतात. पण लोकांच्या डोळ्यांत जंगल म्हणून तेच बसलंय, आणि तसं बसवण्यात आम्हा चित्रकारांचा हात मोठा आहे.

पॅरिसजवळच्या फोंतेनब्लोच्या जंगलात हेच भांडण झालं होतं. तिथले बार्बिझों गावातले चित्रकार जुन्या ओकच्या तोडीविरुद्ध आणि पाइनच्या लागवडीविरुद्ध उभे राहिले. तेओदोर रूसो ह्या चित्रकाराने १८५२ मध्ये सरकारदरबारी अर्ज केला. शेवटी १८६१ मध्ये १,०९७ हेक्टर जंगल कलेसाठी म्हणून राखून ठेवायचा हुकूम निघाला. जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान म्हणतात ते अमेरिकेतलं यलोस्टोन त्यानंतर अकरा वर्षांनी आलं. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणे "ही चित्रं पर्यावरणाचा संदेश देतात" असं म्हणतात तेव्हा मला अवघडायला होतं, माझ्या चित्रांत कसलाही संदेश नाही. पण फोंतेनब्लोमुळे तोंड बंद ठेवावं लागतं. चित्रांनी जंगल वाचलं, हे तिथे खरोखर घडलंय.

फक्त वाचलं ते कुठलं? चित्रात शोभणारं. म्हातारे ओक आणि मोठाले खडक. आपल्या विदर्भाकडे बघा. तिथे सरकारी दप्तरात 'झुडपी जंगल' असा एक प्रकार आहे. काटेरी, खुरटं, चरायला जनावरं जातात ते रान. त्याला जंगल म्हणायचं की पडीक, ह्यावर कित्येक वर्षं वाद चालला. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ती वनजमीनच धरायची. निकालाच्या कायदेशीर बाजू मला कळत नाहीत, शिवाय तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे प्रश्न वेगळे आहेत. माझा प्रश्न चित्रकाराचा आहे. झुडपी जंगलाचं एखादं मोठं चित्र तुम्ही कुठल्या भिंतीवर, कुठल्या सरकारी कॅलेंडरवर पाहिलंय? मी नाही पाहिलं. जे कधीच बघण्यालायक ठरलं नाही, ते पडीक ठरायला कितीसा वेळ लागणार? आणि बघण्यालायक काय हे ठरवणाऱ्यांत आम्हीही येतो, हे नाकारून चालणार नाही.

मुंबईच्या आधी हीच चित्रं कोल्हापुरात शाहू स्मारकला लावली होती. दाजीपूरकडचे एक काका, ज्यांच्याबरोबर मी रानात हिंडते, ते एसटीने बघायला आले. रानात असताना त्यांचा पाढा ठरलेला, "बाई, ह्यात बघण्यासारखं काय हाय?" गॅलरीत मात्र चपला बाहेर काढून आले आणि एकेका चित्रापुढे उभे राहून सालीवरून झाडं ओळखायला लागले. ही अंजन. ह्यो जांभूळ. हितं गेळा पायजे, तुमी घेतला न्हाई. मग ज्या चित्रात म्हणून जायला जागा नाही असं सगळे म्हणतात, त्याच्या डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. "ह्यातनं गवा जातोय की." दोन खोडांच्या मधली झुडपं जराशी दबलेली होती, ती मी जशी दिसली तशी उतरवली होती, का दबली ते मला ठाऊक नव्हतं. तिथे उभे असलेले दोघंतिघं पुढे होऊन बघू लागले. मुंबईत मी ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. सांगितली असती तर सगळे तोच कोपरा बघत बसले असते.

तर त्या डिझायनर बाईंना माझं उत्तर नाही असंच आहे. वाट हवी असेल तर सड्यावरची जुनी चित्रं आहेत, ती बघा.

शेवटी एक विनंती. अनेकजण मेसेंजरवर "फोटो टाका, किंमत सांगा" असं लिहितात. मी फोटो टाकत नाही, टाकणार नाही. फोनचा कॅमेरा हिरवा रंग स्वतःच्या मनाने भडक करतो आणि मी महिनाभर खपून केलेली जांभळी सावली काळी करून टाकतो. गॅलरीतल्या पिवळ्या दिव्यांखालीही चित्रं थोडी खोटीच दिसत होती, तिथे निळसर हिरवे मेले होते. माझ्या कोल्हापूरच्या खोलीला उत्तरेची मोठी खिडकी आहे. उरलेली चित्रं, कांडोळासकट, तिथे भिंतीला टेकून ठेवली आहेत. सकाळी दहा ते चार ह्या वेळात या, आधी एक मेसेज करा. चहा मिळेल. घासाघीस फ्रेमच्या किमतीत करा, चित्राच्या नको.