चपटा मासा म्हणजे गाळ खाणारा? अजिबात नाही

कोल्हापुरातल्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘खाडीचा चपटा मासा तळाला लोळतो, गाळ खातो, घेऊ नका. लांबट, गोल मासा शिकारी असतो, म्हणून स्वच्छ.’ रत्नागिरी-मालवणची मासळी घाट चढून आपल्याकडे येते आणि लोक आता लेपा बाजूला सारायला लागलेत. हे थांबायला हवं.

चपटा म्हणजे तळाचा? लेपा तळाचाच, कुशीवर पडून राहणारा, दोन्ही डोळे एकाच बाजूला. (पिल्लू असताना तो इतर माशांसारखाच उभा पोहतो; एक डोळा नंतर सरकत पलीकडे जातो.) पण काळुंदर चपटा आहे तो दोन्ही बाजूंनी दाबलेला, उंच. अशा अंगाने दगडांत, पाणवनस्पतींत चटकन वळता येतं. पापलेटही तसंच चपटं, आणि ते पाण्यात तरंगणारे बारीक जीव खातं. पापलेटला गाळखाऊ म्हणणारा कोणी भेटला नाही.

बरं, तळाचा म्हणजे गाळ खाणारा? तेही नाही. लेपा गाळात राहून किडे आणि कोळंबीच्या जातीचे बारीक जीव टिपतो. मुडदुशी वाळूत घुसते, तिचंही खाणं साधारण तेच.

लांबट तो शिकारी, हा मुद्दा तर पार उलटा. बोय घ्या. अंग गोलसर, निमुळतं, भरती-ओहोटीच्या धारेत थव्याने ये-जा करायला अगदी योग्य. साफ करताना तिचं जठर बघा: कोंबडीच्या पोट्यासारखं जाड, टणक. चिरलं की राखाडी चिखल निघतो, वाळू बोटांना कचकचते. त्या वाळूनेच ती शेवाळ आणि सूक्ष्म वनस्पती दळते. आतडं वेटोळं, अंगाच्या कितीतरी पट लांब, कारण असलं अन्न पचायला वेळ लागतो. म्हणजे गाळ गिळते ती ही लांबट बोय! आणि ती चवीला उत्तमच लागते.

अंगावरून मासा कसा वावरतो ते कळतं. खाण्यासाठी तोंड बघावं. आपल्या तळ्यांतले कटला आणि मृगळ शेजारी ठेवा: कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो, मृगळचं खाली, तो तळाशी.

राहिला ‘स्वच्छ’चा प्रश्न. तो पाण्याचा आहे. खाडीत सांडपाणी सुटत असेल, तर शिकारी जिताडाही त्याच पाण्यातली कोळंबी खातो.