'सायबी थाट' म्हणणाऱ्या वाचकास

'एक जुना वाचक' यांस,

'सोल' (२०२०) या अ‍ॅनिमेशनपटातल्या जॅझवर मी लिहिलं, त्यावर तुमचे तीन आक्षेप. एक, सिनेमातलं जॅझ रचणाऱ्या जॉन बतिस्तचंच मी कौतुक केलं, त्याचे साथी संगीतकार ट्रेंट रेझ्नर आणि अ‍ॅटिकस रॉस राहिले. दोन, मुलांना जॅझ कळत नाही. तीन, "मराठी घरातल्या माणसाने जॅझवर लिहिणं म्हणजे उगाच सायबी थाट."

पहिलं मान्य. सिनेमात आत्म्यांचं जग दिसतं तिथलं इलेक्ट्रॉनिक संगीत रेझ्नर-रॉस या दोघांचं, ऑस्करही तिघांना मिळून. दोन ओळी जास्त चालल्या असत्या. मुलांचं राहू द्या, आमची पोरं हा सिनेमा बंद करू देत नाहीत.

आता थाट. टोपणनाव घेऊन दुसऱ्याचं घर काढायचं, ही कुठली रीत?

काढलंतच म्हणून सांगतो. मी गिरगावच्या चाळीतला. साहेब म्हणावा असा आमच्याकडे फक्त भाडेवसुलीचा मेहताजी यायचा. वडील छापखान्यात कंपोझिटर, आणि चितळकरांचे, म्हणजे सी. रामचंद्रांचे, भक्त. 'अलबेला' (१९५१) लागला की पडद्यावरचा ट्रंपेटवाला दाखवायचे: हा चिक चॉकलेट, गोव्याचा, ताजमध्ये याचा बँड. संगीतकार पुणतांब्याचा, नाचणारे आपले भगवानदादा. यातला साहेब कोण, तेवढं कळवा. धोबीतलावला रंगभवनात १९७८ साली जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला, तिथेही ते मला घेऊन जात. ऑफिसातल्याच शर्टात, बरं का.

आणि 'सोल'मध्ये तरी थाट कुठे आहे? नायक जो गार्डनर हा शाळेत बँड शिकवणारा मास्तर. आईचं शिवणकामाचं दुकान. नोकरी कायम झाली, विमा, पेन्शन, म्हणून ती खूश. याचा जीव मात्र क्लबातल्या पियानोत. असं घर दादर-परळला पाहिलं नाहीत कधी? तो वाजवायला बसतो तेव्हा बोटं खरोखर त्या त्या पट्टीवर पडतात, कारण चित्रकारांनी बतिस्तचं वाजवणं समोर ठेवून ती काढली. क्लबातल्या बँडची प्रमुख डोरोथिया, तिचा सॅक्सोफोन टिया फुलरने वाजवलाय. माझा लेख याच्यावर होता. यातल्या एकाही गोष्टीबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत अवाक्षर नाही.

श्रेयनामावली वाचलेली दिसते. आता सिनेमा बघा, मग लिहा. भांडायला मी इथेच आहे.