सोळावा चिंचोका

सकाळी पळून आले ती तशीच घामेजल्या कपड्यांत बसून हे लिहितेय. चहासुद्धा ठेवलेला नाही. आधी मोकळी होते, नाहीतर दिवसभर पोस्टाच्या काउंटरवर बसून डोक्यात हेच घोळत राहील.

आमच्या गल्लीत एक मुलगी आहे. आठवीतली. दिवाळीच्या सुट्टीत एकदा मला म्हणाली, "काकू, मी येऊ तुमच्याबरोबर?" आणि दुसऱ्या दिवशी पावणेसहाला फाटकाशी उभी. पायात चपला. पहिल्या आठवड्यात कोपऱ्यापर्यंत गेलं की कुशीत कळ यायची, बसायची रस्त्याच्या कडेला. गेल्या महिन्यात तीच पोरगी यवतेश्वरच्या घाटाची पहिली वळणं न थांबता चढून गेली. खांदे सैल, मान सरळ, आणि पाऊल इतकं हलकं की शेजारी पळताना मला तिचा आवाज येत नाही. हे शिकवून येत नाही हो. ४४ वर्षं पळतेय, मला कळतं.

आठ दिवस आली नाही. परीक्षा असेल म्हटलं. आज फाटकाशी दिसली, दात घासत होती. मी हात केला. तिनं आधी घरात वळून बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान खाली. तेवढ्यात आजी बाहेर आल्या.

"तिला नका बोलावू आता. मोठी झाली ती. असं रस्त्यानं पळणं शोभतं का? तुमचं काय ताई, तुमचं सगळं पार पडलंय."

वयानं मोठ्या. मी काही बोलले नाही. घाटाकडे वळले आणि रागारागात अशी पळाले की पहिल्या वळणावरच छाती भरून आली. आणि तिथं कठड्याला हात टेकून उभी असताना मला आई आठवली. आईचे चिंचोके आठवले.

माझ्या जवळच्या मैत्रिणींनी हे ऐकलंय. परत ऐका.

साल १९८२. कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव. मी आठवीत. वडील गिरणीत होते मुंबईला, जानेवारीत संप झाला आणि ते गावी आले. आज मिटेल, उद्या मिटेल, असं म्हणत अख्खं वर्ष ओट्यावर बसून काढलं त्यांनी. घरात येणारी मनीऑर्डर थांबली. आई लोकांच्या रानात रोजानं जायला लागली. अशा वर्षी आमच्या पीटीच्या सरांनी मला जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी निवडलं. ३००० मीटर. सर म्हणाले, शाळेच्या मैदानाची एक फेरी दोनशे मीटर, रोज पंधरा फेऱ्या मार, पण मोजायला कुणीतरी पाहिजे, पळणाऱ्याला हिशोब राहत नाही.

त्याच वर्षी मला पाळी सुरू झाली. चुलती आईला म्हणाली, "मोठी झाली पोर. आज पळतीया, उद्या पळून जाईल." आई काही बोलली नाही. त्या चार दिवसांत देवाला शिवू नको म्हणाली ती मला, पण पळायला जाऊ नको असं एकदाही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती माझ्याबरोबर मैदानावर आली. ओटीत चिंचोके. शाळेच्या दगडी पायरीवर बसली आणि म्हणाली, "पळ तू. मोजायचं माझ्याकडं लागलं."

माझी एक फेरी झाली की ती ओटीतला एक चिंचोका पायरीवर ठेवायची. टक्. अंधारात मला ती नीट दिसायची नाही, पण तेवढं टक् ऐकू यायचं आणि कळायचं, झाली एक. पायात काही नव्हतं माझ्या. ओढणी छातीशी गच्च आवळून मागे गाठ मारलेली, कारण दुसरं काय करायचं हे तेव्हा आम्हाला कुणाला माहीत होतं? (मापाची स्पोर्ट्स ब्रा मी पहिल्यांदा घातली तेव्हा मी चौतिशीत होते. लिहायला मला लाज वाटत नाही, मुलींना हे कुणीतरी सांगायला हवं.) ओटी रिकामी झाली की आई उठायची, लुगडं झटकायची आणि तशीच रानात जायची, दिवसभराच्या खुरपणीला.

आता ऐका. त्या साली ऑलिम्पिकमध्ये बायकांना १५०० मीटरच्या पुढे शर्यतच नव्हती. १९२८ ला ॲमस्टरडॅममध्ये ८०० मीटर ठेवली, तर बायका दमल्या, पडल्या, त्यांना झेपत नाही, अशी ओरड झाली आणि १९६० च्या रोमपर्यंत ती शर्यतच बंद. बत्तीस वर्षं! ३००० मीटर आणि मॅरेथॉन आली ती १९८४ साली, लॉस एंजेलिसला. म्हणजे चौथी शिकलेली माझी आई कोरेगाव तालुक्यातल्या एका पायरीवर बसून माझे ३००० मीटर मोजत होती, तेव्हा ऑलिम्पिकवाल्यांना त्याला अजून दोन वर्षं लागायची होती.

आणि आज मला कुणी विचारतं, शोभतं का?

कुणाला शोभत नाही? मोही हे गाव कुठे आहे? आपल्याच सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात, जिथं उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मारामार. तिथली ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला पळाली, दहावी आली. पी. टी. उषा १९८४ ला फायनल पळाली होती, त्यानंतर ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या फायनलला पोचलेली पहिली भारतीय बाई आपल्या जिल्ह्याची. त्या १५ ऑगस्टला टीव्हीसमोर मी उभी होते, बसवेचना. नाशिककडच्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० ला दिल्लीत कॉमनवेल्थमध्ये दहा हजार मीटरचं ब्राँझ घेतलं. यांच्या फोटोला आपण लाइक करतो, चौकात अभिनंदनाचे फ्लेक्स लावतो, आणि आपल्या गल्लीतली पोरगी पळाली की शोभत नाही.

बरं, मी काही ललिता बाबर झाले नाही. जिल्ह्याला दुसरी आले, विभागाला सातवी, संपलं. माझ्यात तेवढंच होतं. पण पळणं संपलं नाही, आणि मला बोलायचंय ते त्याबद्दल. पदकाबद्दल सगळे बोलतात. पदक न मिळालेल्या बाईला पळण्यानं काय दिलं हे कुणी विचारत नाही.

झोप दिली. अंथरुणाला पाठ टेकली की झोप, आज सत्तावन्नाव्या वर्षीसुद्धा. आईला पन्नाशीत साखर निघाली, पुढे पायाची दोन बोटं काढावी लागली. मला अजून गोळी नाही. नशीब असेल थोडं, मान्य. मधे एका तपासणीला नाडी बघून डॉक्टरांनी परत मोजली, मग विचारलं, तुम्ही काय करता? म्हटलं पळते. ५४ ठोके होते.

पण हे शरीराचं झालं. लग्नानंतर एकत्र कुटुंबात नऊ माणसांचा स्वयंपाक, नोकरी, लेकीची शाळा. त्यात सकाळचा तो पाऊण तास एवढाच असा की जिथं मला कुणी हाक मारत नव्हतं. सासूबाई पहिली दोन वर्षं तोंड फिरवायच्या. मग एकदा तापात पडून मी आठवडाभर गेले नाही, तर नवव्या दिवशी त्याच म्हणाल्या, "जा बाई तू पळायला, घरात नुसती चिडचिड करतीयस." पाळी जायच्या वर्षात रात्री तीनला घामानं भिजून उठायचे, उगाच रडू यायचं. घाटातनं उतरताना मात्र वाटायचं, मी अजून मीच आहे. लॉकडाउनमध्ये रस्ता बंद झाला तर गच्चीवर पळाले, एका फेरीला अठ्ठेचाळीस पावलं, कठड्यावर चिंचोके मांडून.

गुडघे जातील म्हणून मला पस्तिशीपासून सांगतायत. फॅमिली ग्रुपवर महिन्यातनं एकदा येतंच, पन्नाशीनंतर फक्त चाला. माझे गुडघे शाबूत आहेत. सांगणाऱ्या दोघींचे बदलून झालेत, आणि त्या आयुष्यात बसथांब्यापर्यंतसुद्धा पळाल्या नव्हत्या. टाच गेली होती माझी, ते खरं. २०१४ साली. सकाळी पहिलं पाऊल टेकलं की खिळा घुसल्यासारखं व्हायचं. पाण्याची बाटली गोठवून तळपायाखाली फिरवत बसायचे, सात महिने पळणं बंद. चूक माझीच, झिजलेले बूट दोन वर्षं ओढले होते. आणि सगळ्यांना पळणं मानवतंच असंही नाही. ज्यांना नाही त्यांनी चालावं, पोहावं.

आजींचीही एक गोष्ट मान्य करते. पहाटे अंधार असतो. कुत्री असतात. बाइकवरनं जाताना घाणेरडं बोलणारी पोरं असतात, मलाही भेटलीत, या वयात. त्यांची भीती खोटी नाही. पण मग त्या पोरांच्या आज्या कुठे आहेत? त्यांना कुणी दारातनं म्हणतं का, तू मोठा झालास, आता बाहेर जाऊ नको?

...

मधे चहा करून आले. आता थोडं शांत लिहिते.

आजींबद्दल मी मघाशी जे मनात आणलं ते बरोबर नव्हतं. गेल्या श्रावणात त्या माझ्याशी दारात बोलत बसल्या होत्या. बहात्तरच्या दुष्काळात त्या एकोणीस वर्षांच्या, पदरात पोर, आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. आठ-नऊ मैल चालत. हाताच्या अंगठ्याचं नख अजून वाकडं आहे, दाखवलं मला. तेव्हा त्यांना कुणी विचारलं होतं, शोभतं का? भर उन्हात रस्त्यावर खडी फोडलेली चालली, आणि नातीनं त्याच रस्त्यावरनं आपल्या आनंदासाठी पळू नये. हे लिहिताना परत राग येतोय, पण तो आता आजींवर नाहीये. त्यांना आयुष्यात आपल्या मर्जीनं कुणी पळू दिलं नाही. त्यांना ते दिसणार तरी कसं? माझ्यासाठी पायरीवर बसणारं कुणीतरी होतं. त्यांच्यासाठी नव्हतं.

चिंचोक्यांची गोष्ट अर्धीच सांगितली मघाशी.

स्पर्धेच्या दिवशी साताऱ्यात चुन्यानं आखलेला ४०० मीटरचा ट्रॅक. साडेसात फेऱ्या. शेवटच्या फेरीला बाकीच्या मुली ढेपाळल्या आणि माझा दम शिल्लक. मलाच कळेना. रात्री घरी येऊन आईला म्हटलं, "सोपं गेलं गं, रोजच्यापेक्षा कमी वाटलं." ती भाकरी थापत होती. परातीतनं मान वर न करता म्हणाली, "कमीच हुतं. मी रोज सोळा आणायची."

सोळा? म्हटलं, सरांनी तर पंधरा सांगितल्या होत्या.

"लिंबाच्या झाडापाशी तू कोपरा मारतीस. रोज मारतीस. मग एक फेरी जास्तीची नको व्हय?"

अंधारात बसून तिनं ते बघितलं होतं. माझं मलासुद्धा माहीत नव्हतं. मी सरांचं पंधरा ऐकलं आणि पळत राहिले, ती सोळावा टक् करेपर्यंत. महिनाभर.

२००९ ला आई गेली. तेरा दिवस मी पळाले नाही. चौदाव्या दिवशी पहाटे शाळेच्या मैदानावर गेले. पायरी तीच. लिंबाचं झाड तोडलेलं, तिथं आता पाण्याची टाकी आहे. मोजायला कुणी नव्हतं, म्हणून हातात चिंचोके घेतले आणि फेरीला एक पायरीवर टाकत गेले. चाळिशीतली बाई, पंजाबी ड्रेस, बूट, आणि रडत रडत पळतेय. गावातल्या कुणी बघितलं असेल तर काय वाटलं असेल देव जाणे. सोळाव्या फेरीला कोपरा न मारता, टाकीला पूर्ण वळसा घालून पळाले.

तेव्हापासून एकदाही असं झालं नाही की मी घाटात पोचले आणि तिचे आभार मानले नाहीत. देवासमोर मी फार वेळ बसत नाही. माझं मागणं नाही, सांगणं सगळं त्या चढावर होतं. या पायांचे आभार, या फुप्फुसांचे आभार, आणि ओटीत चिंचोके घेऊन रानात जायच्या आधी माझ्यासाठी बसलेल्या त्या बाईचे आभार.

या आठवड्यात वर्षाची चिंच फोडून झाली आमची. डबाभर चिंचोके निघालेत. उद्या पावणेसहाला त्या फाटकाशी जाणार आहे. पोरीला हाक मारणार नाही, आजींनाच मारणार आहे. गल्लीच्या टोकाला उद्यान आहे ना, तिथली बाहेरची वाट दोनशे मीटरच्या आसपास भरते, दिवे आहेत, कट्टा आहे. म्हणणार आहे, काकू, तुम्ही कट्ट्यावर बसा, शाल घ्या, पोर तुमच्या नजरेसमोर पळेल, पण मोजायला कुणीतरी पाहिजे.

येतील का माहीत नाही. नाही आल्या तर परवा परत जाईन.

सोळा बाजूला काढून ठेवलेत, चांगले टपोरे बघून. बाकीचे भाजायला घेते.